अण्णांची गोळी आणि माझी तुरटी

श्री. गोविंद रामचंद्र पेडणेकर, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांना येत्या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त घाटकोपर-मुलुंडच्या किरकोळ दुकानदारांचं मंडळ हा ग्रंथ काढत आहे आणि त्यात मी लिहावं असा मंडळाच्या चिटणिसांचा आग्रह होता. आग्रह कसला, तगादाच. चार वेळा माणूस पाठवला. मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पाकाने भाजून भाजून बोटांची कातडी जाड झालेली, पेन धरलं की अर्ध्या तासात हात आखडतो. पण फाडण्याचं कारण ते नाही. चिटणिसांच्या पत्रात एक ओळ होती: 'गोवंडीच्या शाळेतील प्रसंगात अण्णांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली, त्याविषयी अवश्य लिहावे, नव्या पिढीपुढे आदर्श राहील.' या ग्रंथात आणखी चार-पाच जण तोच प्रसंग लिहिणार आहेत हेही मला कळलंय. त्यात अण्णांची म्हणून जी चूक सगळे सांगतात, ती अण्णांची नव्हती. ती माझी होती. इतकं सांगायला मी बसलोय. बाकीचं त्याच्या आधी आणि नंतर येईल तसं येईल.

पण गौरवलेखाची रीत अशी की आधी पहिली भेट सांगायची. ती सांगतो.

गिरण्या बंद पडून सहा-सात महिने झाले होते. साचेखात्यात, मागांवर, मी वीस वर्षं काढलेली. सगळे म्हणत होते, संप आज सुटेल, उद्या सुटेल. कोणी गावी गेले, कोणी भाजीची पाटी घेऊन बसले. मला कोणीतरी सांगितलं, शाळेच्या दारात गोळ्या विक, घाटकोपरला डोंगराखाली पेडणेकरांचा कारखाना आहे, तिथे घाऊक मिळतात. मी गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. दोन भट्ट्या, तांब्याच्या कढया, एक लांबरुंद दगडी लादी, भिंतीत लोखंडी आकडा आणि दारापाशी एक बाकडं. बाकड्यावर पांढरी टोपी घातलेले सडपातळ गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, एक डबा द्या. त्यांनी डबा दिला नाही. एक संत्र्याची गोळी हातावर ठेवली आणि म्हणाले, बसा, ही जिभेवर ठेवा, चावायची नाही.

ही अण्णांची पद्धत. घाऊक माल घ्यायला कोणीही येवो, नवा असो की पंधरा वर्षांचा जुना, त्याने बाकड्यावर बसून एक गोळी शेवटपर्यंत विरघळवायची आणि मगच डबा उचलायचा. पहिलं मिनिटभर सगळ्याच गोळ्या गोड लागतात, असं अण्णांचं म्हणणं. स्वस्तातलं इसेन्स असेल तर कडवटपणा शेवटी येतो. रंग हलका असेल तर तोही शेवटी जिभेवर राहतो. पोरं शेवटपर्यंत चघळतात, मग विकणाऱ्याने का नको? आठ-दहा मिनिटं जायची. गिऱ्हाइकं वैतागायची. मी तर दुसऱ्याच मिनिटाला गोळी कडाकडा चावली.

अण्णांनी तो आवाज ऐकला. माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "जेवलंस कधी?"

मला राग आला. डबा विकत घ्यायला आलेल्या माणसाला असं कोण विचारतं? पण खोटं बोलवेना, आदल्या दिवशी दुपारी, म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, पोटात भूक असली की माणूस गोळी चावतो, मी रोज बघतो. शेडच्या मागेच त्यांचं घर. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. मी मान खाली घालून जेवलो. जेवून उठलो तेव्हा अण्णा म्हणाले, डबा नेलास तर विकण्याआधी अर्धा तूच खाशील, त्यापेक्षा उद्यापासून इथे पाक ओढायला ये. असा मी गोळीत आलो.

अण्णा काम चालू असताना बोलत नसत. संध्याकाळी लादी धुताना मात्र त्यांची जीभ सुटायची, आणि मग ते गोळीचा सगळा इतिहास सांगायचे. त्यांचे वडील सावंतवाडीकडच्या जत्रांतून बत्तासे आणि खडीसाखर विकायचे. पाडव्याच्या आधी घरात साखरेच्या गाठी पडायच्या. लाकडी साच्यात दोरा घालण्याचं काम लहानपणी अण्णांकडे. पाक ओतण्याआधी दोरा सरळ बसला नाही तर वडील हातावर पळी मारायचे. ही आपली जुनी मिठाई, अण्णा म्हणायचे, देवाची आणि सणाची. बत्तासा तोंडात ठेवला की गेला, खडीसाखर चावली की संपली. जिभेवर टिकणारी लिमलेटची गोळी आली ती साहेबांबरोबर, काचेच्या बरण्यांतून. अण्णा पोरवयात मुंबईला आले ते दादरच्या पलीकडे एका पारशी शेटच्या कारखान्यात. तिथली अख्खी गोळी साहेबांच्या स्टोअरमध्ये जायची आणि लादीवरचा झाडलेला चुरा कागदाच्या पुड्यांतून चाळींत विकला जायचा. अण्णा म्हणायचे, "सायबाच्या पोराक अख्खी आणि आमच्या पोरांका चुरो. ह्या माका बघवाक नाय." लढाईच्या दिवसांत साखर रेशनवर होती, तेव्हा त्यांनी घाटकोपरला येऊन गुळाच्या गोळ्या करायला घेतल्या. त्या दातांना अशा चिकटायच्या की पोरांना दोन-दोन तास बोलता यायचं नाही, आणि आयांची त्याबद्दल काही तक्रार नसायची. साखर सुटी झाल्यावर ही लादी आली.

काम त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, दातांत धरून कट् मोडला की कढई उतरवायची. लादीवर ओतायचा, कडा आत घडी करत जायचं, हाताला सोसेल इतपत झाला की रंग, इसेन्स, लिंबूसत घालून मळायचा. मग आकड्यावर टाकून ओढायचा, ओढून ओढून तो पांढुरका आणि चमकदार झाला की पितळी रोलरमधून काढायचा. साखर हट्टी असते, अण्णा म्हणायचे, तिला सारखं परत दाणा व्हायचं असतं. तिला दाणा होऊ दिलं नाही की गोळी होते. डबा भरला की तो कानाशी हलवून बघायचा. खडखड वाजला तर माल सुका, गप्प राहिला तर गोळ्या एकमेकींना चिकटल्या. पावसाळ्यात आम्ही दिवसभर डबेच हलवत असायचो. संध्याकाळी माझे खांदे भरून यायचे. गिरणीत वीस वर्षांत दुखले नाहीत इतके ते गोळीने दुखले, आजही दुखतात.

त्या वर्षी अण्णांनी आम्हा गिरणीवाल्यांतले पाच जण कामाला घेतले. काम खरं तर दोघांचं. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं, मी एकदा उचलून बघितलं तर रोलरला लावायची मोटर. संपाच्या आधीच आणलेली, खोक्यातून न काढलेली. मी विचारलं, ही का लावत नाही? अण्णा म्हणाले, लावली तर तुमच्यापैकी तिघांनी काय करायचं ते तूच सांग. मी गोणपाट परत टाकलं. ती मोटर तीन वर्षं तशीच पडून होती, आणि तेवढी तीन वर्षं अण्णांनी आमच्याबरोबर हाताने रोलर फिरवला.

घाऊक गिऱ्हाइकांशी त्यांचं वागणं सगळ्यांशी सारखं. माहुलच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई दर नारळी पौर्णिमेला सगळ्या पोरांसाठी दोन डबे न्यायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी बाकड्यावर बसायला साफ नकार दिला. माशाचा कल्ला उघडला की मला एका नजरेत कळतं, आणि तुझ्या साखरेसाठी मी दहा मिनिटं घालवू का, असा त्यांचा सवाल. अण्णा शांतपणे म्हणाले, मग दहा मिनिटं बसा आणि मला मासा बघायला शिकवा. हिराबाई हसल्या आणि बसल्या. तेव्हापासून त्यांची गोळी विरघळेपर्यंत दोघं फक्त मासळीवर बोलायचे. डबे घेऊन जाताना त्या काकूंकडे सुक्या बोंबलांची जुडी ठेवून जायच्या. अण्णांचा सगळा धंदा असा त्या बाकड्यावर चालायचा. शाळा, गणपती मंडळं, भजनी मंडळं, बारशाची माणसं, पानवाले. पेडणेकरांनी चाखलेली गोळी म्हटली की कोणी डबा उघडूनही बघत नसे. अण्णांची मिळकत म्हटली तर एवढीच, त्यांची जीभ आणि त्या जिभेवरचा लोकांचा विश्वास.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांना टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा सदरा खांद्यावरून लोंबत होता. कामावर आले तसे पुन्हा बाकड्यावर बसले. दर लॉट झाला की सवयीप्रमाणे त्यातली एक गोळी जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि विरघळली की म्हणायचे, बंद करा डबे. आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. काकू एकदा हसत म्हणाल्या होत्या, हल्ली कालवणात मीठ विसरलं तरी हे ब्र काढत नाहीत, आजाराने माणूस सुधारला. आम्हीही हसलो. डोकं चालवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आता तो ऑगस्ट.

गोवंडीला कचऱ्याच्या डेपोपासून जवळ एक शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका प्रधानबाई. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मुलांना दोन-दोन गोळ्या मिळायच्या, त्या आमच्याकडच्या. बाई स्वतः यायच्या, पदर खोचून बाकड्यावर बसायच्या आणि गोळी शेवटपर्यंत विरघळवायच्या. त्या वर्षी त्यांनी अण्णांना झेंडावंदनाचे पाहुणे म्हणून बोलावलं. अण्णांना इतका आनंद झालेला मी आधी कधी बघितला नव्हता. त्यांनी नवी टोपी शिवून घेतली. काकू म्हणाल्या, लग्नात इतके नटले नव्हते.

ऑगस्टात आमच्या नळाला गढूळ पाणी यायचं. पिंपात तुरटीचा खडा हाताने दहा-पंधरा मिनिटं गोल गोल फिरवायचा, मग पाणी निवळायचं. अण्णांनी हे काम माझ्याकडे दिलेलं. मी तेव्हा रोज सकाळी आधी गिरणीच्या फाटकावर जाऊन यायचो, आज काही बातमी आहे का बघायला. बातमी नसायची. तिथून घाटकोपरला येईपर्यंत अंगात त्राण उरलेलं नसायचं, आणि त्यात पिंपाशी उभं राहून खडा फिरवत बसायचा. एके दिवशी मला वाटलं, कशाला हा खटाटोप? मी खडा खलबत्त्यात कुटला, पूड एका बरणीत भरली आणि रोज चिमूटभर पाण्यात टाकून ढवळायला लागलो. फार हुशारी केल्यासारखं वाटलं. बरणी ठेवली लिंबूसताच्या बरणीशेजारी. दोन्ही पांढरे, दोन्ही दाणेदार. तुरटीचा खडा बघून कोणाची चूक होणार नाही. कुटलेली तुरटी मात्र हुबेहूब लिंबूसतासारखी दिसते.

गोवंडीचा लॉट मी मळला. बरणी कुठली उचलली ते मला आजही आठवत नाही, खरंच आठवत नाही. आम्ही गोळीवाले स्वतः गोळी खात नाही, दिवसभर त्या वासात राहून गोड नकोसं होतं. चाखणारे एकटे अण्णा. त्यांनी नेहमीसारखी गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, बंद करा डबे.

पंधरा ऑगस्टला मी अण्णांबरोबर गोवंडीला गेलो. मंडळातले दोन दुकानदारही हौसेने आले होते. झेंडा वर गेला, गाणी झाली, मुलं रांगेने बसली. गोळ्या वाटल्या. अण्णांनाही खुर्चीवर एक दिली, त्यांनी ती तोंडात ठेवली. थोड्या वेळाने पहिलीच्या रांगेत एका मुलीने गोळी थुंकली. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता मैदानभर थू थू सुरू झालं, चिखलात नारिंगी गोळ्या पडायला लागल्या. बाई मुलांवर ओरडत होत्या, खाल्लेलं टाकू नये म्हणून. मी एक गोळी तोंडात टाकली. तोंड आवळलं, जीभ खरखरीत झाली. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा शांतपणे गोळी चघळत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मुलांकडे बघून, का थुंकताहेत, असा प्रश्न तेवढा त्यांच्या डोळ्यांत होता.

दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कळल्या. मी काय केलं ते, आणि त्यांचं काय झालंय ते. मी वाकून त्यांच्या कानात म्हणालो, अण्णा, तुरटी पडली आहे. तुम्हाला कळत नाही का? त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग उठले आणि सरळ लाउडस्पीकरपाशी गेले.

"बाळांनो, गोळ्या थुंकून टाका, गिळू नका, पाणी प्या," ते म्हणाले. "माझ्या आजारात माझी जीभ गेली. मला चव कळत नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही आणि चाखल्याचं नाटक करत राहिलो. चूक माझी आहे. माफ करा."

मुलांपैकी कोणाला काही झालं नाही, हे इथेच सांगतो. डॉक्टर येऊन बघून गेले, पाणी पाजा म्हणाले. पण ते नंतर. अण्णा खाली उतरले तेव्हा प्रधानबाई पुढे आल्या. त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर आणि आमच्या दोघा दुकानदारांसमोर विचारलं, "पण अण्णा, तुरटी घातली कोणी?"

मी तोंड उघडलं होतं. अण्णांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"मी," ते म्हणाले.

आणि मी तोंड मिटलं. अण्णांनी हात ठेवला म्हणून मी गप्प राहिलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. हात हलका होता. झटकता आला असता.

शेडवर परत आलो तेव्हा मी त्यांच्या पायांशी बसलो आणि म्हणालो, अण्णा, मी जाऊन सांगतो. ते टोपी काढून घडी घालत होते. म्हणाले, "माजी जीब गेलीच हा. नावपण माजाच जांवदे. तुका अजून पोरांका पोसूचा आसा. तू गप रव." पोरांच्या खाण्यात तुरटी घालणाऱ्या गिरणीवाल्याला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी गोवंडीहून काही आईबाप शेडवर आले. एकाने तर हात उगारला होता. अण्णा हात जोडून त्यांच्यासमोर बसून राहिले, अवाक्षर उलट बोलले नाहीत. मी मागे कढई घासत होतो. कढई केव्हाच स्वच्छ झाली होती. त्यानंतर दोन दिवसांत आम्ही सगळा लॉट नव्याने केला. अण्णांनी प्रत्येक डब्यातली एक गोळी मला चाखायला लावली आणि डबे घेऊन ते स्वतः शाळेत गेले. एकेका वर्गात जाऊन, मुलांनी चव घेऊन मान हलवेपर्यंत ते दारात उभे राहिले. प्रधानबाईंनी पुढच्या वर्षीही गोळ्या आमच्याकडूनच नेल्या. ते त्यांचं मोठेपण, मला त्यांचे आभार मानायचे आहेत.

बाकीच्यांचं तसं झालं नाही. अण्णा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक दुकानात पायी जाऊन सांगून आले की यापुढे गोळी शांताराम चाखेल, त्याची जीभ चोख आहे. शांताराम म्हणजे मी. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि त्यांची पाठ वळली की म्हणाले, म्हातारपणी हात चुकला बिचाऱ्याचा. हळूहळू शाळा कागदात गुंडाळलेल्या मशीनच्या टॉफीकडे वळल्या. ते एरवीही झालंच असतं, टीव्हीवर रोज जाहिराती लागतात, त्यांच्यापुढे आमचं बाकडं काय टिकणार? धंदा गेल्याचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते त्या 'बिचाऱ्या'चं. ज्या माणसाने चाळीस वर्षं मोजूनमापून, चाखून गोळी केली, त्याच्या नावाला लोक कीव लावून बोलायला लागले. ती कीव माझ्या वाट्याची होती. कीव कसली, शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या.

गेली पाच-सहा वर्षं दर लॉटची गोळी मी चाखतो. आता मला मधुमेह आहे. डॉक्टर ओरडतात. गुडघे गेलेत, खांदे गेलेत, बाकड्यावर बसलो की उठवत नाही. अण्णा अजून रोज येतात, शेजारी बसतात, गोळी विरघळेपर्यंत गिऱ्हाइकाशी बोलतात. माझा दिवस कितीही वाईट गेलेला असला तरी संध्याकाळी ते विचारतात, जेवलंस मा? त्या प्रसंगाविषयी त्यांनी त्या दिवसानंतर माझ्यापाशी एक शब्द काढलेला नाही. चारचौघांतसुद्धा कोणी विषय काढला तर ते, हो, चुकलो, एवढं म्हणतात आणि दुसरं बोलायला लागतात. एखाद्या माणसाने आपल्यासाठी खोटं बोलावं, ते रोज निभावून न्यावं आणि आपण त्याच्या शेजारी बसून गोळी चघळावी, याने माणूस किती थकतो ते मला विचारा.

आणि आता मंडळ त्याच खोट्यासाठी त्यांचा गौरव करणार. चूक कबूल करणारा थोर माणूस म्हणून. थोर तर ते आहेतच, पण जे केलंच नाही त्यासाठी नव्हे. खरं ते याहून फार मोठं आहे आणि ते फक्त मला ठाऊक आहे. हे लिहू का म्हणून मी घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, इतकी वर्षं तोंडात मूग धरून बसलात, आता कसली घाई, पोराचं लग्न होऊन जाऊ दे. मग पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, नाही, लिहा, अण्णा आहेत तोवर लिहा. अण्णांना मी विचारलेलं नाही. त्यांचं उत्तर मला माहीत आहे.

तेव्हा चिटणीस साहेब, हा लेख छापायचा तर एक ओळही न गाळता छापा. प्रधानबाई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर इतक्या उशिरा देतोय, तुरटी मी घातली होती. गोवंडीचे जे आईबाप शेडवर आले होते, त्यांनी पुन्हा यावं, मी मागे असणार नाही. दुकानदार बंधूंनी यापुढे माझ्या जिभेवर विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण पेडणेकरांच्या गोळीवर ज्यांनी चाळीस वर्षं विश्वास ठेवला त्यांचा विश्वास कधीही वाया गेलेला नव्हता, एवढं मानावं. जीभ गेल्याचं अण्णांनी लपवलं हे खरं, पण त्यांचा हात चुकला नाही. एकदाही नाही.

अण्णा, हे पुस्तक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही रागावाल. मी तुमचा शब्द मोडला, गप्प राहिलो नाही. बोलवा मला आणि काकूंसमोर झाडा, तुमचा तो अधिकार आहे. तुम्हाला पंचाहत्तरी लाभली, आता शंभरीही धडधाकट लाभो, काकूंच्या हातचं कालवण पोटभर पचो, पाय चालते राहोत. एवढं आयुष्य मी तुमच्यासाठी मागतो आणि त्यातला एक दिवसही माझ्यावरच्या रागावाचून जाऊ नये.